बाबा, ते मशीन अण्णाकाकांकडे नेऊन द्या

वाकड, पुणे
५ डिसेंबर २०२४

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

एकाच गावात राहून पत्र कसलं लिहितेस, असं आई म्हणेल. वाकडहून सहकारनगरला यायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात दोन पत्रं लिहून होतात, हे एक. दुसरं म्हणजे फोनवर अण्णाकाकांशी धरलेल्या अबोल्याचा विषय काढला की बाबा ‘थांब, आईला देतो’ म्हणतात आणि आईचा कुकर नेमका तेव्हाच होतो. रविवारी मेथीचे लाडू पाठवतेय, त्याच पिशवीत हे पत्र आहे. आधी लाडू खा.

आत्ता टीव्हीवर आझाद मैदानावरचा शपथविधी चालू आहे. तुम्हीही बघत असाल. बाबा खुर्चीत, आई मटार सोलत. सोफ्याची उजवी बाजू रिकामी. २०१९ चा तो पहाटेचा शपथविधी आठवतो ना? तुम्ही आणि अण्णाकाका पर्वतीवरून उतरून अमृततुल्यात बसला होतात. कोणीतरी मोबाइल पुढे केला आणि दोघं चहा अर्धा टाकून धावत घरी आलात. आईने दोन-दोनदा पोहे केले त्या दिवशी, कारण तुम्ही दुपारपर्यंत टीव्हीपुढून हललाच नाहीत. ती तारीख होती २३ नोव्हेंबर. यंदाचा निकालही बरोबर २३ नोव्हेंबरलाच लागला. मधल्या पाच वर्षांत शिवसेनेच्या दोन झाल्या, राष्ट्रवादीच्या दोन झाल्या. धनुष्यबाण कोणाचा, मशाल कोणाची, घड्याळ कोणाचं आणि तुतारी कोणाची, हे आईला पाठ होईपर्यंत मतदान होऊन गेलं. काल समोरासमोर उभे असलेले आज शेजारी बसलेत. तुमची दोघांची बाजू मात्र पंचवीस वर्षं तीच आहे, आणि अबोला तुमच्यातच.

माझं नाव अजून तुमच्याच मतदार यादीत आहे, म्हणून २० तारखेला मी तिकडे होते. सकाळी सातला अण्णाकाकांनी खालून हॉर्न दिला. तुम्ही कानटोपी घालून स्कूटरवर मागे बसलात आणि ते म्हणाले, ‘चल, तू माझं मत खोड, मी तुझं खोडतो, म्हणजे जायचे कष्ट वाया.’ तुम्ही म्हणालात, ‘कष्ट कसले, पेट्रोल तुझं.’ मी गॅलरीतून फोटो काढला. तुमचं वय ७६, त्यांचं ७५, आणि हेल्मेट कोणाच्याच डोक्यावर नाही. (हा वेगळा विषय आहे, तो सोडलेला नाही.)

आणि तीनच दिवसांनी, शनिवारी, मी तुमच्या मागे जिन्यात पेढ्यांचा पुडा धरून उभी होते.

बाबा, पेढे नेलेत यात काहीच गैर नव्हतं. ४ जूनला लोकसभेचा निकाल लागला, राज्यातल्या ४८ पैकी ३० जागा आघाडीच्या आल्या, तेव्हा अण्णाकाका आंबा बर्फी घेऊन आले होते. तुम्ही दोन वड्या खाल्ल्यात. ‘बर्फीला पक्ष नसतो,’ असंही म्हणालात. पाच महिन्यांत चित्र पार उलटलं. २८८ मध्ये एकट्या भाजपच्या १३२, काँग्रेस १६ वर. पेढे तुमच्याकडून जायचेच होते. दारातच ते म्हणाले, ‘मशीनचे पेढे मी खात नाही.’ तुम्ही म्हणालात, ‘जूनमध्ये हेच मशीन गोड लागलं होतं.’ इथपर्यंत मला हसू येत होतं, खरं सांगते. मग ते म्हणाले, ‘तुला लोकशाही कधी कळलीच नाही.’ आणि मग तुम्ही ते बोललात.

मी ते इथे पुन्हा लिहिणार होते. दोनदा लिहिलं आणि खोडलं. मुलगा अमेरिकेत पाठवून मला देश शिकवू नकोस, एवढं म्हणून थांबला असतात तरी चाललं असतं. असलं तुम्ही एकमेकांना रोजच म्हणता. त्याच्या पुढचं वाक्य, काकूंबद्दलचं.

काका काहीच बोलले नाहीत. दार हळूच लावून घेतलं. आपटलं असतं तर बरं झालं असतं. पुडा आपण खाली वॉचमनला दिला. तुम्ही म्हणालात, ‘निकाल पचत नाही लोकांना.’

बाबा, तिथे निकालाचा काही संबंध नव्हता. म्हणून हे पत्र.

एप्रिल २०२१ मध्ये काकू गेल्या तेव्हा त्यांचा मुलगा येऊ शकला नाही, कारण तेव्हा कोणालाच कुठेच जाता येत नव्हतं. वैकुंठ स्मशानभूमीत रांग होती. आई तुम्हाला जाऊ देत नव्हती. तुमची लसही एकच झाली होती. तुम्ही दोन मास्क लावून गेलात आणि काकांजवळ उभे राहिलात. मुलाला व्हिडिओ कॉल लावायला तुम्हाला येत नव्हता, म्हणून मी इकडून फोनवर एकेक बटण सांगत होते. ‘हिरवं दाबा, बाबा. आता फोन उलटा धरा.’ हे सगळं माहीत असलेला माणूस जगात एकच आहे, आणि ‘तेव्हा कुठे होता तो?’ असं विचारलं तेही त्याच माणसाने.

अण्णाकाकांचं चुकलं नाही असं मी म्हणत नाही. तुमची बर्फी खाऊन झाली आणि त्यांना पेढा जड गेला, हे खोटं नाही. ‘तुला कळलीच नाही’ हेही त्यांनी म्हणायला नको होतं, कारण १९७७ मध्ये तुम्ही दोघंच बँकेतून सुटल्यावर जनता पक्षाच्या सभांना जायचात. मोहन धारिया १९७१ ला काँग्रेसकडून पुण्यातून निवडून आले आणि १९७७ ला जनता पक्षाकडून, हे मी लहानपणी तुमच्याकडून पाढ्यासारखं ऐकलंय. इंदिरा गांधींच्या रायबरेलीचा निकाल ऐकायला दोघांनी एका ट्रान्झिस्टरला कान लावले होते, आणि सेल संपत आले म्हणून काकांनी स्वतःच्या विजेरीतले काढून घातले होते. तुम्हा दोघांना लोकशाही कळते की नाही हे मला ठरवता येणार नाही. तेव्हा कळत होती, एवढं नक्की.

आता तुमची आवडती गोष्ट. सोसायटीच्या गणपतीत दरवर्षी भाषणात येते ती. टिळक आणि गोखले. जहाल आणि मवाळ, १९०७ ची सुरत, उधळलेलं अधिवेशन. टिळकांना काँग्रेसमध्ये परत घेण्याच्या वाटाघाटी फिसकटलेल्या, आणि तेवढ्यात १९ फेब्रुवारी १९१५ ला गोखले गेले, ४८ व्या वर्षी. टिळक सिंहगडावर होते. ते खाली आले आणि चितेसमोर म्हणाले, हा भारताचा हिरा, महाराष्ट्राचं रत्न. इथे तुमचा आवाज दरवर्षी भरून येतो. मग तुम्ही म्हणता, मतभेद असावेत तर असे. टाळ्या पडतात. अण्णाकाकांची सगळ्यात जोरात.

मी यंदा ऐकताना विचार करत होते, की ही गोष्ट आपल्याला एवढी का आवडते. सांगू? ती स्मशानातली आहे, बाबा. गोखल्यांना त्यातलं एक अक्षर ऐकू गेलं नाही. आगरकरांचंही तेच. डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस ज्याच्याबरोबर काढले, तो मित्र पुढे इतका दुरावला की ‘केसरी’ सोडून त्याने ‘सुधारक’ काढला. तो गेल्यावर मृत्युलेख लिहिताना टिळकांना रडू आवरेना, असं सांगतात. आगरकर तेव्हा चाळिशीचेही नव्हते. एवढ्या मोठ्या माणसालाही दोन्ही वेळा चांगलं बोलायला उशीर झाला, एवढंच मला त्या गोष्टीत दिसतं. हे भाषणात म्हटलं तर टाळ्या पडणार नाहीत, मला माहीत आहे.

थोडा दोष माझाही आहे. तुमच्या दोघांच्या फोनमध्ये व्हॉट्सॲप मीच घालून दिलं. दिवाळीत काकांच्या फोनची जागा भरली म्हणून मी व्हिडिओ पुसत बसले होते, आणि नंतर तुमच्याही फोनचं तेच काम केलं. एकाच सभेचे दोन तुकडे होते. त्यांच्याकडच्या तुकड्यात खुर्च्या रिकाम्या, तुमच्याकडच्यात माणूस मावत नाही. सकाळी सहाला पर्वतीच्या पायथ्याशी भेटेपर्यंत दोघंही रात्रभर आपापल्या सभेला जाऊन आलेले असायचात. पूर्वी एका पेपरावर भांडायचात. निदान मजकूर तरी एक असायचा.

आणि मी तरी कुठली शहाणी? जूनमध्ये तुमच्याशी वाद झाला तेव्हा रात्री अकराला मी घरचा ग्रुप सोडला होता. सकाळी आईने मला परत घेतलं आणि खाली लिहिलं, ‘हिचा हात लागला वाटतं चुकून.’ तुम्ही अंगठा टाकलात. विषय संपला. मी अजूनही तुमच्या विरुद्धच मत देते, आणि आई कोणाला देते हे तिच्या बोटाच्या शाईलाही माहीत नाही.

आई, आता तुला. ‘पुरुषांचं चालायचंच’ म्हणून तू वॉचमनच्या हातून काकांकडे भाजी पाठवतेस, हे मला कळलंय. भाजी पाठव, पण वॉचमनच्या हातून नको. आणि बाबा आता सहाऐवजी सातला पर्वतीवर जातात, काका पाचला, हे तू मला हसत सांगितलंस. मला नाही हसू आलं. डिसेंबरात पाचला अंधार असतो. १०३ पायऱ्या आहेत.

फोनवर तुम्ही परवा म्हणालात, ‘त्यांचं ते बघतील.’ ते. पन्नास वर्षं ‘तो’ होता. आईलासुद्धा तुम्ही नवीन लग्न झाल्यावर ‘तो येईल जेवायला’ एवढंच सांगायचात, आणि कोण ते तिला कळायचं. त्या ‘ते’ने मला झोप लागली नाही.

गेल्या रविवारी आले होते तेव्हा कपाटातलं बीपीचं मशीन काढलं. तुम्ही दोघांनी अर्धे-अर्धे पैसे घालून घेतलेलं, मंगळवार आणि शनिवार. त्यात दोन माणसांच्या नोंदी राहतात. दुसऱ्या माणसाची शेवटची नोंद १९ नोव्हेंबर, मंगळवार, १४८ बाय ९०. त्यानंतर काही नाही. पहिल्या माणसाचीही नाही. सेल गेलेले होते, म्हणजे तुम्हीही मोजलेलं नाही.

तर शनिवारी ते मशीन घेऊन वर जा. पेढे नकोत. मुद्दे नकोत. मशीनवरून पुन्हा मशीन निघालं तर ऐकून घ्या, फार तर दहा मिनिटं लागतील. पण त्याआधी काकूंबद्दलचं जे बोललात ते चुकलं, असं एकदा म्हणा. ‘पण तूही’ हे पुढे जोडू नका. तुम्हाला हे जड जाणार आहे. मला आठवतंय तेव्हापासून तुम्ही कोणाला ‘चुकलं’ म्हणाल्याचं ऐकलं नाही. आईला तर नाहीच.

ते दार उघडणार नाहीत असं वाटत असेल तर एक सांगते. सवाई गंधर्व संगीत महोत्सव १८ तारखेपासून आहे. काकांनी मला काल फोन केला होता, मुकुंदनगरला रिक्षा कुठे सोडते हे विचारायला. वीस वर्षं तिथले रस्ते पाठ असलेला माणूस मला वाकडला फोन करून हे विचारतो. शेवटी म्हणाले, ‘दोघांना एका रिक्षात बरं पडतं.’ मी कोण दोघं ते विचारलं नाही.

सेल नवीन घातलेत. पट्टा दंडावर सैल बांधू नका, दोन बोटं जातील एवढाच. लाडूंचा दुसरा डबा त्यांचा आहे, निळ्या झाकणाचा. तो रिकामा परत आणा.

तुमची,
बाळी