रविवारी जुहूला सूर्यास्त : सभासदांसाठी सूचना

सर्व सभासदांना नमस्कार. रविवार, 30 नोव्हेंबरला आपण जुहू चौपाटीवर सूर्यास्त बघायला जात आहोत.

भेटायचं : विलेपार्ले स्टेशन, पश्चिमेला तिकीट खिडकीपाशी, दुपारी 4:30. पुढे रिक्षाने. रविवारची गर्दी असते, उशीर करू नका.

सूर्यास्त सहाच्या सुमारास आहे. पण थंडीच्या दिवसांत मुंबईत धुरकं असतं आणि लालभडक गोळा पुष्कळदा पाण्याला टेकण्याआधीच विरून जातो. म्हणून 5:30 ला वाळूत बसलेले हवेत. बुडाल्यावर लगेच उठू नका, आकाशाचा खरा रंग नंतरच्या पंधरा-वीस मिनिटांत चढतो.

- चौपाटी सगळ्यांची आहे. मागे बसलेल्यांच्या पुढ्यात रांग लावून सेल्फी नकोत.
- अनोळखी माणसांचे, विशेषतः मुलांचे फोटो विचारल्याशिवाय काढायचे नाहीत.
- दुर्बिणीतून सूर्याकडे बघू नये, डोळ्यांना इजा होते.
- गाणी ऐकायची तर इअरफोनवर. (मागच्या खेपेचा स्पीकर घरीच ठेवावा, ही विनंती!)
- भेळेचे कागद, कणसाची बुरखुंडं कचऱ्याच्या डब्यात.

सतरंजी आणि पाणी आपापलं. सातला परत निघू. येणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत ग्रुपवर नाव टाकावं.