तुझी यादी मिळाली

धुळे,
२१ डिसेंबर २०२५

चि. भूषणला अनेक आशीर्वाद.

तुझी वर्षातल्या आवडत्या दहा सिनेमांची यादी मिळाली. दरवर्षी माझ्या फोनवर येते, यंदा आईच्या फोनवर आली, ते समजलं. दिवाळीपासून आपण बोललो नाही. आई म्हणते, "तुन्हा पोऱ्या शे, तूच बोल." पण फोनवर माझा आवाज चढतो आणि मग तू फोन ठेवतोस, म्हणून लिहायला बसलो. पँट धुताना खिशात सापडलेल्या त्या गुटख्याच्या पुडीबद्दल या पत्रात काही नाही. फक्त सिनेमाबद्दल.

तीन पाहून झाले. 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' तू तिसरा ठेवलास, मी पहिला ठेवला असता. धुळे-नाशिक गाडीवर मी अकरा वर्षं काढली, मालेगाव स्टँडवरचा चहा रोजचा. शुक्रवारी यंत्रमाग बंद असायचे, सगळी पोरं रस्त्यावर आणि थेटरात. २००० साली नासिर शेखने 'मालेगाव के शोले' काढला तेव्हा मागच्या सीटवरची पोरं त्यातले संवाद म्हणत यायची. मी तिकिटं पंच करता करता हसायचो. दरोडेखोरांना घोडे कुठून आणणार? सायकलींवर आणले! पन्नास किलोमीटरवर हे चाललं होतं आणि आपल्याला ती थट्टा वाटायची. रीमा कागतीने आता त्याच पोरांवर सिनेमा केला, पण गावाचं हसं केलं नाही. ते मला आवडलं.

पण शफीक. मागावर राबणारा काडीसारखा पोरगा, त्याला सुपरमॅन करतात, आणि त्याला कर्करोग होतो. खरा शफीकही त्याच रोगाने गेला. तिथे मी उठलो आणि ओट्यावर जाऊन बसलो. उरलेला सिनेमा आईने एकटीने पाहिला. तू तिसरा नंबर दिलास म्हणजे शेवटपर्यंत पाहिला असशीलच. पाहिलास ना रे? बरं, जाऊ दे. त्याबद्दल नाही लिहायचं ठरलंय.

'आता थांबायचं नाय' बघताना मजा आली. मुंबई महापालिकेचे सफाई कामगार रात्रशाळेत बसून दहावी होतात, आणि हे खरं घडलेलं. भरत जाधव, सिद्धार्थ जाधव यांना मी आजवर नुसते हसवणारे समजत होतो. माझी दहावी तिसऱ्या खेपेला निघाली हे तुला ठाऊक आहे, गणिताने दोनदा झोपवलं होतं. निकालाचा प्रसंग आला तेव्हा माझे डोळे भरले. आईला वाटतं सर्दी होती, तसंच राहू दे.

'छावा' यादीत का नाही? "ओरडणं म्हणजे अभिनय नव्हे," असं तू तेव्हा म्हणाला होतास. असेल बाबा, तुला त्यातलं कळतं. आपल्या घरात सिनेमा इतका बारकाईने बघणारं दुसरं कोणी नाही, हे मी डेपोत सगळ्यांना सांगत असे. आम्ही मात्र ताई आणि जावईबापूंसकट गेलो होतो. शेवटचा भाग मला बघवला नाही. आणि सिनेमा सुरू व्हायच्या आधीची ती तंबाखूविरोधी जाहिरात तर कधीच बघवत नाही. पूर्वी त्यात गुटख्याने गेलेला तो चोवीस वर्षांचा मुलगा यायचा, तेव्हा मी चप्पल शोधायचं निमित्त करून खाली वाकायचो.

माझी साप्ताहिक सुट्टी असली की सायकलच्या दांडीवर बसवून मी तुला सिनेमाला न्यायचो. आठ-नऊ वर्षांचा होतास. मध्यंतर झालं की तुझ्या हातावर पाच रुपये ठेवायचो. दोन पुड्या माझ्या, उरलेल्याचे फुटाणे तुझे. तू पळत जायचास, पळत यायचास, पडदा पुन्हा उजळायच्या आत. एकदाही उशीर केला नाहीस. मला काय कौतुक वाटायचं, पोरगा किती चलाख! दिवाळीत तू सगळ्यांसमोर म्हणालास, "अप्पा, टपरीचा रस्ता तुम्हीच दाखवला," तेव्हा मी हात उगारला. अठ्ठावीस वर्षांच्या पोरावर. बापूकाका असते तर त्यांनी मलाच हाणलं असतं. हात उगारला ते चुकलं. ते पाच रुपयेही चुकले.

तरी सांगतो. मी रात्रीच्या मुक्कामी गाडीवर झोप येऊ नये म्हणून सुरुवात केली, तुझीही रात्रपाळीच, अमेरिकेच्या घड्याळावर. तुला वाटत असेल, एवढं काम आहे, एवढीशी पुडी. मलाही तसंच वाटलं होतं, बावीस वर्षं. राज्यात २०१२ पासून गुटख्याला बंदी आहे आणि आपल्या नाक्यावर तीन ठिकाणी मिळतो, तुला पुण्यात मिळणार नाही असं थोडंच आहे? तेव्हा बंदीवर विसंबू नकोस, स्वतःच्या... बघ, लागलो भाषण ठोकायला. रागावू नकोस.

'साबर बोंडं'ला तू पहिला नंबर दिलास. सप्टेंबरात मी पुण्याला आलो तेव्हा तूच दाखवलास. अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात पहिलं बक्षीस घेऊन आलेला मराठी सिनेमा आहे, हे तू रिक्षात मला दोनदा सांगितलंस, जसा काही तूच केला होतास. बाप गेल्यावर पोरगा दहा दिवस गावी येतो, एवढीच गोष्ट. त्या पोराचं आणि त्याच्या गावच्या मित्राचं प्रेम बघताना मी आधी खुर्चीत अवघडलो, खोटं कशाला सांगू. पण त्याची आई सगळं जाणून त्याच्या बाजूने उभी राहते, ते पटलं. सुतकाचं सगळं चालू असताना मी मात्र निराळाच हिशोब करत होतो, कोणी कोणासाठी दहा दिवस बसायचं याचा. मध्यंतरात तू "आलोच" म्हणून बाहेर गेलास. पळत गेलास, पळत आलास. शेजारी बसलास तेव्हा वास आला. तो वास मी ओळखणार नाही का? तेव्हा बोललो नाही, ते दिवाळीसाठी साठवून ठेवलं. ही माझी वाईट खोड, तुझी आई कायम सांगते.

'दशावतार' राहिलाय. म्हातारा नट, नजर जात चाललीय, मुलगा म्हणतो आता थांबा, अशी काहीतरी गोष्ट आहे असं ताई म्हणाली. प्रभावळकर ८१ वर्षांचे आहेत म्हणे. आपल्या घरी थांब म्हणणारा म्हातारा आहे, एवढाच फरक.

आता एक सांगायचं नव्हतं. परवा मळ्यात भरीत होतं, तुरकाठ्यांवर भाजलेली वांगी, कळण्याची भाकरी, तुझ्या आवडीचं सगळं. मी दोन घासांत उठलो, तोंडात आग पडली. आईला वाटलं मिरची जास्त झाली. मिरची नेहमीचीच होती. दातांच्या डॉक्टरांनी तोंडात बोटं उभी घालून दाखवायला सांगितलं. तीन जायला हवीत, माझी दोन जातात. सोडून सहा वर्षं झाली तरी. गालाचा एक तुकडा तपासायला पाठवलाय, पुढच्या आठवड्यात कळेल. आईला दाढ दुखते असं सांगितलंय.

तू आरशासमोर उभा राहून बघ. तीन जातात का ते कळव. माझ्या फोनवर कळव.

तुझे
अप्पा

ता. क. पँट इस्त्री करून ताईबरोबर पाठवतोय. मेथीचे लाडू आहेत, डबा परत आण. आणि तुझ्या यादीतला सातवा सिनेमा टीव्हीवर कुठे लागतो ते सांग, आईला सापडत नाही.