मुळांचा पूल आपोआप वाढत नाही

संपादक महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीत मेघालयातल्या नोंग्रियाट गावच्या, झाडाच्या जिवंत मुळांपासून केलेल्या दुमजली पुलाचा मोठा रंगीत फोटो आला होता. फोटो झकास, पण खाली ओळ होती, ‘निसर्गाचा अद्भुत चमत्कार’. मी सार्वजनिक बांधकाम खात्यात ३१ वर्षे काढली, त्यातली निम्मीअधिक कोकणातले साकव आणि मोऱ्या बांधण्यात. आमच्या साकवाला कुणी कधी चमत्कार म्हटले नाही. पडला की मात्र अभियंत्याचे नाव निघते. म्हणून हे पत्र.

मागच्या नोव्हेंबरात मी आणि सौ. तो पूल पाहून आलो. तिर्ना गावापासून साडेतीन हजारांच्या आसपास पायऱ्या उतरायच्या आणि तेवढ्याच परत चढायच्या. (गुडघ्यांबद्दल लिहीत नाही, आपली जागा पुरणार नाही.) वाटेत पोलादी तारांचे झुलते पूलही लागतात. जुन्या खोडीने तारेवरून बोट फिरवले, तर बोटाला गंज. नवल नाही. शेजारच्या मौसिनरामची पावसाची वार्षिक सरासरी ११,८०० मिलिमीटरच्या पुढे आहे. आपली आंबोलीसुद्धा त्यापुढे कोरडी वाटावी. असल्या पावसात लाकूड कुजते, लोखंड खाल्ले जाते. तिथल्या खासी लोकांनी विचार करून जिवंत झाड निवडले.

झाड रबराच्या वडाचे. आपण दिवाणखान्याच्या कोपऱ्यात कुंडीत ‘रबर प्लांट’ म्हणून ठेवतो तेच. ओढ्याच्या काठी ते लावायचे आणि त्याच्या कोवळ्या पारंब्या बांबूच्या सांगाड्यावरून किंवा पोफळीच्या पोकळ केलेल्या खोडातून पलीकडे न्यायच्या. पोफळीची पन्हळ! आम्ही तिच्यातून बागेला पाणी दिले, यांनी मुळांना वाट दिली. पलीकडच्या मातीत मूळ रुजले की ते जाड होऊ लागते. दोन मुळे एकमेकांना घट्ट बांधली की कालांतराने एकजीव होतात. हापूसचे भेटकलम बांधणाऱ्याला हे समजावून सांगायला नको. मधल्या फटींत चपटे दगड बसवतात, पुढे मुळेच ते धरून ठेवतात. माणसाने निर्धास्त चालावे इतके व्हायला १५ ते ३० वर्षे लागतात. आमच्याकडे तेवढ्यात निविदा तीनदा रद्द होते.

पुलापाशी बसलो होतो तेव्हाची गोष्ट. एक बाई आल्या, कपाळावर पट्टा, पाठीवर लाकडांनी भरलेली शंकूसारखी टोपली. पुलाच्या मध्यावर त्या किंचित थांबल्या. कठड्याच्या मुळातून पेन्सिलीएवढे एक नवे मूळ बाहेर लोंबत होते. त्यांनी ते उचलून जुन्या मुळाभोवती दोन वेढे दिले, टोक आत खोचले आणि निघून गेल्या. ओझे उतरवले नाही. अर्धा मिनिटही गेला नसेल. खात्यात याच कामाला आम्ही ‘वार्षिक देखभाल व दुरुस्ती’ म्हणतो आणि त्याची फाइल मार्चअखेर निघते.

हे पूल दिवसेंदिवस मजबूतच होत जातात, असे आपल्या लेखात आहे. ते अर्धे खरे. वापरात असलेला, रोज कुणाचा तरी हात लागणारा पूल मजबूत होतो. ज्या वाटेने गाव चालेनासे झाले, तिथले पूल खचतात, कुजतात.

आता आमच्याच मंडळींबद्दल. आमच्या सहलीत २६ जण होते. टूरवाल्याने सगळ्यांना वरच्या मजल्यावर एकदम उभे केले आणि ‘गणपती बाप्पा मोरया’च्या गजरात फोटो काढला. एका उत्साही गृहस्थांनी ‘मजबूत आहे का बघू’ म्हणून दोन उड्या मारल्या. मी ओरडलो, तर मीच कटकट्या ठरलो. एका मुळावर किल्लीने कोरलेले ‘आय लव्ह पूजा’ही पाहिले, साल सोलली की त्या जागी कीड शिरते, हे पूजाला कुणी सांगावे? जून २०२५ मध्ये कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल गर्दीसकट कोसळून माणसे गेली. तरी पुलावर उभे राहायची हौस फिटत नाही. टूरवाल्यांनी पाच-पाच जण सोडावेत आणि फोटो काठावरून काढावेत, इतके साधे आहे.

आणखी एक. हेन्री यूल या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८४४ सालीच या पुलांचे वर्णन छापले होते. तो बंगाल इंजिनिअर्समधला, म्हणजे आमच्याच जातकुळीचा. युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांच्या संभाव्य यादीत २०२२ साली हे पूल गेले तेही सांस्कृतिक वारसा म्हणून, नैसर्गिक म्हणून नव्हे.

तेव्हा फोटो पुन्हा छापाल तेव्हा खालची ओळ बदलावी, एवढीच विनंती: ‘नोंग्रियाटच्या गावकऱ्यांनी वाढवलेला पूल’. एका ओळीत बसते, मी मोजून पाहिले.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त कनिष्ठ अभियंता, देवरुख (जि. रत्नागिरी)