युरोपच्या मोटार उद्योगाला सवलत नको, स्थिर धोरण हवे : स्तेफान सेजूर्ने यांना खुले पत्र

माननीय श्री. स्तेफान सेजूर्ने,
कार्यकारी उपाध्यक्ष, समृद्धी व औद्योगिक धोरण,
युरोपीय आयोग, ब्रसेल्स

सादर नमस्कार.

१६ डिसेंबर २०२५ रोजी आयोगाने मोटार उद्योगासाठी मांडलेल्या प्रस्तावांनुसार, २०३५ पासून नव्या मोटारींचे कार्बन उत्सर्जन शंभरऐवजी नव्वद टक्क्यांनी घटले तरी चालणार आहे आणि उरलेल्या दहा टक्क्यांची भरपाई युरोपात बनलेले कमी कार्बनचे पोलाद किंवा पर्यायी इंधने यांतून करता येणार आहे. मी मूळचा नाशिकचा असून स्टुटगार्टजवळच्या एका सुट्या भागांच्या कारखान्यात उत्पादन अभियंता म्हणून काम करतो. या मुभेमुळे आमच्यासारख्या कारखान्यांतल्या नोकऱ्या वाचतील, अशी आपली समजूत करून देण्यात आली असेल, तर ती मला मान्य नाही.

इंजिनात डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरच्या टोकाला जेमतेम केसाच्या जाडीची भोके असतात. ती पाडणारी यंत्रे महाग असतातच, पण ती चालवणारा, आवाजावरून बिघाड ओळखणारा कारागीर घडायला वर्षानुवर्षे लागतात. नव्या मॉडेलची ऑर्डर उत्पादन सुरू होण्याच्या काही वर्षे आधी मिळते आणि यंत्रे-साच्यांवरचा खर्च त्या मॉडेलच्या पूर्ण आयुष्यात हळूहळू वसूल होतो. अशा धंद्यात २०२३ मध्ये शंभर टक्के उत्सर्जन-घटीचा कायदा होतो, २०२५ मध्ये त्या वर्षाचे उद्दिष्ट तीन वर्षांच्या सरासरीवर मोजायचे ठरते आणि त्याच वर्षाच्या अखेरीस २०३५ चा आकडाही बदलण्याचा प्रस्ताव येतो. परिणाम असा, की पुरवठादाराला इंजिनाची जुनी लाइन मोडता येत नाही आणि विद्युत मोटरच्या भागांची नवी लाइन पूर्ण क्षमतेने चालवता येत नाही. दोन्ही अर्ध्या भाराने चालतात आणि प्रत्येक नगाचा खर्च वाढतो. मोठी कंपनी हा बोजा काही काळ पेलते, पण दीडदोनशे माणसांच्या कौटुंबिक कारखान्याला बँक पुढच्या दहा वर्षांच्या ऑर्डरी विचारते, आणि त्या कोणीच लिहून देत नाही.

धरसोडीची किंमत जर्मनीने मोजलेली आहे. डिसेंबर २०२३ मध्ये तिथल्या सरकारने विद्युत मोटारींचे अनुदान बंद होणार, असे एका शनिवारी जाहीर केले आणि रविवारी ते बंदही केले, आणि २०२४ मध्ये या मोटारींची नोंदणी एक चतुर्थांशाहून अधिक घसरली. तो निर्णय ब्रसेल्सचा नव्हता, हे मान्य. पण ग्राहकाने हात आखडता घेतला, की त्याची झळ सर्वांत आधी आमच्या शिफ्टला लागते.

आमची खरी कमतरता आहे बॅटरीच्या सेलची आणि परवडणाऱ्या छोट्या मोटारींची. स्वीडनच्या नॉर्थव्होल्ट या बॅटरी कंपनीने मार्च २०२५ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. एसीसी या युरोपीय बॅटरी कंपनीने जर्मनीतल्या कायझर्सलाउटर्न आणि इटलीतल्या तेर्मोली इथल्या प्रकल्पांचे काम २०२४ मध्येच थांबवले होते. ऑक्टोबर २०२४ अखेर चीनमधून येणाऱ्या विद्युत मोटारींवर मूळ १० टक्क्यांखेरीज बीवायडी या चिनी कंपनीला १७ आणि एसएआयसी या दुसऱ्या चिनी कंपनीला ३५.३ टक्के जादा शुल्क लागले, पण शुल्काने फक्त वेळ मिळतो. बीवायडी आता हंगेरीत सेगेद इथे स्वतःचाच कारखाना उभारते आहे. १९८४ मध्ये फोक्सवागनला शांघायमध्ये शिरताना चिनी भागीदार घ्यावा लागला आणि त्या भागीदारीतून चीनची एक पिढी मोटार बनवायला शिकली. तशाच अटी आज युरोपने घालाव्यात: सेलची निर्मिती इथे, अभियंते इथले, भाग इथल्या पुरवठादारांचे. या अटींविना मिळालेला कारखाना म्हणजे केवळ जोडणीची शेड. आपल्या प्रस्तावातले बॅटरीसाठीचे १.८ अब्ज युरो आणि युरोपात बनलेल्या छोट्या विद्युत मोटारींना उत्सर्जनाच्या हिशेबात दिलेले जादा श्रेय मला मनापासून योग्य वाटते. फ्रान्समध्ये दुए इथे बनणाऱ्या रेनो ५ या छोट्या विद्युत मोटारीने दाखवून दिले आहे, की छोटी मोटार युरोपातही बनवता येते. हाच भाग युरोपीय संसदेत वाटाघाटींमध्ये पातळ होऊ देऊ नका.

राहिला प्रश्न माणसांचा. फोक्सवागनमध्ये २०३० पर्यंत ३५ हजारांहून अधिक पदे कमी करण्याचा करार डिसेंबर २०२४ मध्ये झाला, तेव्हा कामगार संघटना वाटाघाटीला बसली होती. ब्रसेल्समधला आउडीचा कारखाना फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाला, तेव्हा सुमारे तीन हजार कामगारांची जगाने दखल घेतली. साठ माणसांचा पुरवठादार बंद पडतो, तेव्हा स्थानिक वर्तमानपत्रात चार ओळी येतात. नोकरी गेलेल्यांसाठी युरोपचा जो निधी आहे, त्याचे दार साधारणपणे २०० नोकऱ्या गेल्याशिवाय उघडत नाही. लाइन बंद होण्याच्या दोन वर्षे आधी, पगार चालू असताना, त्याच कारागिराला सेलच्या किंवा वैद्यकीय उपकरणांच्या कामाचे प्रशिक्षण मिळाले, तर सूक्ष्म कामाचा त्याचा हात वाया जाणार नाही.

म्हणून माझ्या तीन मागण्या आहेत. २०३५ चा जो आकडा मंजूर होईल, त्याला निदान दहा वर्षे हात लावू नये. सार्वजनिक पैसा घेणाऱ्या प्रत्येक उत्पादकाने पुरवठादारांशी दीर्घ मुदतीचे करार जाहीर करावेत. आणि नोकरी गेलेल्यांसाठीच्या त्या निधीची २०० नोकऱ्यांची अट लहान पुरवठादारांसाठी काढून टाकावी. इंजेक्टर नाशिकच्या सातपूरलाही बनतात, तिथले माझे जुने सहकारीही याच प्रश्नांची उत्तरे शोधत आहेत. या तिन्ही मागण्यांवर आयोगाची भूमिका, संसदेतल्या मतदानापूर्वी, लेखी जाहीर व्हावी अशी विनंती आहे.

आपला नम्र,
स्टुटगार्ट परिसरातील एक उत्पादन अभियंता