फाटक बंद करा, पण त्याचं सामान भंगारात घालू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पेण आणि रोह्याच्या दरम्यान आमच्या गावाजवळ रेल्वेवर पूल होतो आहे. तो सुरू झाला की फाटक कायमचं बंद होणार. त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. दोन बाजूंच्या गाड्या पाठोपाठ आल्या की या फाटकावर रिक्षात कळा देणारी बाई अडकलेली मी पाहिली आहे. पूल हवाच होता. भुयारी रस्ता न करता पूल केला हे तर फारच बरं झालं, कारण रुळांखालच्या रस्त्यात आपल्याकडच्या पावसात किती पाणी भरतं हे रायगडात कुणाला सांगायला नको.

माझं म्हणणं आहे ते फाटकाच्या सामानाबद्दल. मागे अशाच एका बंद झालेल्या फाटकाचे दांडे आणि ते वर-खाली करायचं यंत्र, म्हणजे विंच, गवतात गंजत पडलेले पाहिले. पुढे एक दिवस तेही दिसेनासे झाले. आमच्या फाटकाचं तसं होऊ नये, म्हणून हे पत्र.

मला गाड्या बघण्याचा नाद आहे. १९९३ साली रोह्याच्या पुढे वीरपर्यंत गाडी सुरू झाली तेव्हा मी पाचवीत होतो. आमचं शेत फाटकापलीकडे. वडिलांना भाकरी पोचवायला जायचो आणि गाडी येईपर्यंत फाटकाशी थांबायचो. गाडीची वेळ, इंजिनाचा नंबर आणि इंजिनाच्या अंगावर लिहिलेलं शेडचं, म्हणजे त्याची देखभाल होते त्या आगाराचं, नाव वहीत टिपायचो. २६ जानेवारी १९९८ला कोकण रेल्वेचा पूर्ण मार्ग खुला झाला आणि लांबच्या गाड्या येऊ लागल्या. कल्याणच्या इंजिनाखेरीज केरळातल्या एर्नाकुलमचं नाव पहिल्यांदा वाचलं ते याच दांड्याआडून. तेव्हा डिझेल इंजिनाचा धडधडाट गाडी दिसण्याआधी कितीतरी कानावर यायचा. आता विजेचं इंजिन जवळ येईपर्यंत कळतही नाही. म्हणून आजच्या पोरांना माझं कळकळीचं सांगणं आहे, मोबाइलवर गाडी टिपायची असेल तर दांड्याच्या अलीकडे उभं राहून टिपा. रुळांत उतरू नका. दांड्याआडूनही सगळं दिसतं, मी तीस वर्षं तिथूनच पाहतो आहे.

गाड्या बघता बघता मी फाटक बघायला लागलो, ते तिथल्या जुन्या गेटमनमुळे. आम्ही त्यांना नाना म्हणायचो. नाना गुमटीच्या, म्हणजे गेटमनच्या खोलीच्या, दारातून एकेक वस्तू समजावून सांगायचे. हाताने फिरवायचं विंच, पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे दांडे, त्यांच्या मधोमध लाल चकती, हँडल फिरवून घंटी द्यायचा फोन, तीन रंगांचा हातदिवा, लाल-हिरव्या झेंड्या, आणि संकटात रुळावर बांधायचे फटाके. इंजिनाचं चाक त्यांच्यावरून गेलं की ते फुटतात आणि ड्रायव्हरला धोका कळतो.

यातली सगळ्यात मोलाची वस्तू म्हणजे फाटकाची किल्ली. दांडे पूर्ण खाली येऊन बसल्याशिवाय त्यांचं कुलूप लागत नाही. कुलूप लागल्याशिवाय किल्ली बाहेर निघत नाही. ती किल्ली गुमटीतल्या पेटीत घालून फिरवल्याशिवाय गाडीला सिग्नल देता येत नाही. एकदा सिग्नल दिला की किल्ली पेटीतच अडकते. गाडी निघून गेली आणि सिग्नल पुन्हा लाल झाला की मगच ती सुटते. म्हणजे फाटक उघडं आणि सिग्नल हिरवा, असं एका वेळी होऊच शकत नाही. दोन्हीला किल्ली एकच, आणि ती एका वेळी एकाच जागी असणार.

हे ठाऊक नसल्यामुळे लोक गेटमनवर ओरडतात. ‘गाडी अजून दिसत पण नाही, दांडा वर घे की,’ हे मी शेकडो वेळा ऐकलं आहे. नाना गप्प उभे राहायचे. त्यांनी मनात आणलं असतं तरी तो दांडा वर गेला नसता. काही जण स्वतःच दांडा उचलू बघतात. रेल्वे कायदा, १९८९च्या कलम १६०प्रमाणे बंद फाटक परस्पर उघडलं तर तीन वर्षांपर्यंत आणि तोडलं तर पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

गाडीच्या बाजूलाही अशीच व्यवस्था आहे. फाटकाच्या ६०० मीटर आधी ‘सी/फा’ लिहिलेली पिवळी पाटी असते. सीटी वाजवा, पुढे फाटक आहे, असा तिचा अर्थ. फाटकाच्या सिग्नलच्या खांबावर ‘जी’ अक्षराची पिवळी गोल चकती असते. हा सिग्नल लाल असेल तर ड्रायव्हर शिटी देऊन दिवसा एक मिनिट आणि रात्री दोन मिनिटं थांबतो, मग जपून फाटकाशी येतो आणि गेटमनने, किंवा तो नसेल तर फाटक बंद असल्याची खात्री करून इंजिनावरच्याच एकाने, झेंडी किंवा दिवा दाखवला तरच पुढे जातो. रात्री घरात झोपलेलं असताना एखादी गाडी दोनदा शिटी देऊन थांबली की मला अजून जाग येते.

वरून विजेची तार आली तेव्हा रस्त्याच्या दोन्ही अंगांना उंचीची कमान उभी राहिली, ४.६७ मीटरची. पेंढ्याने भरलेले ट्रक तिथे अडकायचे. गणपतीच्या दिवसांत पेणहून मंडळाची मूर्ती यायची, तेव्हा टेम्पो कमानीच्या अलीकडे थांबवून बांबूने मुकुटापर्यंतची उंची मोजायचे आणि मगच टेम्पो पुढे घ्यायचे. पुलामुळे हेही आता संपेल.

अमेरिकेत फाटकावरच्या जुन्या घंटा आणि लोलकासारखे हलणारे लाल दिवे लोक विकत घेऊन, दुरुस्त करून, आपल्या अंगणात उभे करतात. दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात १९७७पासून जुनी इंजिनं लोकांना बघायला मिळतात. आमच्या गावच्या पोराने मात्र एवढ्यासाठी दिल्लीला का जावं? नवीन फाटकांवर वीज आणि इलेक्ट्रॉनिक पेट्या आल्या आहेत. त्या जास्त भरवशाच्या असतील, पण बंद पेटीकडे बघून पोराला काही कळत नाही. विंचचं हँडल स्वतः फिरवलं आणि किल्ली अडकलेली स्वतः पाहिली, तर इंटरलॉकिंग, म्हणजे फाटक आणि सिग्नल एकमेकांना असे बांधून ठेवणं, काय असतं ते पाचवीतल्या मुलाला दहा मिनिटांत समजतं. मला समजलं होतं.

म्हणून आपल्या दैनिकातून संबंधित अधिकाऱ्यांना विनंती आहे. आमच्या फाटकाचं विंच, एक दांडा, कुलूप आणि किल्लीची पेटी, घंटीचा फोन आणि ‘सी/फा’ची पाटी एवढं सामान लिलावातून वगळून गावच्या जिल्हा परिषद शाळेला द्यावं. रीतसर किंमत लागणार असेल तर गावातून वर्गणी काढायची आमची तयारी आहे. दांडा लांब आहे, व्हरांड्यात मावणार नाही. मुख्याध्यापकांशी बोलून मैदानाच्या कडेला, आंब्याखाली त्याची जागा ठरवली आहे. माझ्या गाड्यांच्या नोंदींच्या वह्याही मी शाळेलाच देणार आहे.

आपला,
एक वाचक, ता. पेण, जि. रायगड