शरीराला नव्हे, जंतूला

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

काल फोनवर क्षयाच्या औषधांचा विषय निघाला तेव्हा बाबा म्हणाले, "रोज गोळ्या घेऊन शरीराला सवय होते, मग औषध लागू पडत नाही." आणि आई, तुझं म्हणणं असं की ज्या गोळीने मळमळतं ती काही दिवस बाजूला ठेवू. फोनवर बोलले असते तर आवाज चढला असता, म्हणून लिहितेय.

बाबा, सवय शरीराला होत नाही. बदल जंतूत होतो, आणि तोही औषध घडवून आणत नाही. पहिली गोळी पोटात जायच्या आधीच तो झालेला असू शकतो.

क्षयाचा जंतू भलताच संथ. एकाचे दोन व्हायला त्याला २० तासांच्या आसपास लागतात. दर वेळी ४४ लाख अक्षरांची जनुकीय संहिता उतरवून काढावी लागते आणि क्वचित एखादं अक्षर चुकतं. बहुतेक चुका वाया जातात. पण फुप्फुसात पोकळी झाली असेल तर तिथे कोट्यवधी जंतू असतात, त्यामुळे कुणाची तरी चूक नेमक्या जागी पडते. इतर पुष्कळ जंतू प्रतिकाराची जनुकं एकमेकांकडून उसनी घेतात. हा पठ्ठ्या घेत नाही. त्याचा सगळा प्रतिकार त्याच्या स्वतःच्या चुकांतून येतो, आणि मग पुढच्या पिढ्यांना वारशाने मिळतो.

तुमच्या गोळ्यांतलं रिफॅम्पिसिन हे औषध जंतूच्या एका विकराच्या (एन्झाइमच्या) खोबणीत बसून त्याचं काम बंद पाडतं. त्या विकराच्या आरपीओबी जनुकात जेमतेम ८१ अक्षरांचा एक पट्टा आहे. या औषधाला दाद न देणाऱ्या बहुतेक जंतूंमध्ये बदल तिथेच सापडतो. एका अक्षराने खोबणीचा आकार बिघडतो आणि औषध बसतच नाही. दुसरं औषध आयसोनियाझिड, त्याची गोष्ट मला जास्त आवडते. ते औषध गिळताना निष्क्रिय असतं, त्याला जागं करतो जंतूचाच एक विकर. म्हणजे जंतू स्वतःच्या हाताने विष तयार करतो! केटजी जनुकात ठरावीक जागी अक्षर बदललं की तो विकर आपलं रोजचं काम बऱ्यापैकी करत राहतो, पण औषधाला जागं करायचं जवळजवळ सोडतो.

हे मी रोज डोळ्यांनी पाहते. आमच्या प्रयोगशाळेत हिरव्या माध्यमाच्या दोन बाटल्यांत एकाच रुग्णाच्या थुंकीतले जंतू वाढवतात. साध्या बाटलीत काही आठवड्यांनी पिवळसर, खरबरीत वसाहतींची दाटी होते. औषध घातलेल्या बाटलीत कधी कधी सगळं स्वच्छ आणि कोपऱ्यात एकच टिपका. तो टिपका औषधाने निर्माण केलेला नाही. बाकीचे मेले म्हणून तो दिसला, एवढंच.

आता आई, तुझी गोळी. ढोबळमानाने १० लाख जंतूंत एखादा आयसोनियाझिडला दाद न देणारा निघतो आणि १० कोटींत एखादा रिफॅम्पिसिनला. दोन्हींना पुरून उरणारा हवा तर हे आकडे गुणायचे, म्हणजे एक कोटी कोटींत एक. इतके जंतू कुणाच्याच छातीत नसतात. म्हणून औषधं एकत्र देतात. एक काढून घेतलंस की हा गुणाकार मोडतो. १९४० च्या दशकात नुसतं स्ट्रेप्टोमायसिन देत, तेव्हा हेच झालं: रुग्ण आधी सुधारले आणि पुढे बऱ्याच जणांवर ते औषध चालेनासं झालं. जोडीला पास नावाचं दुसरं औषध दिल्यावर हे प्रमाण बरंच घटलं.

प्रतिकार केल्याने जंतू कमजोर होतो, असं बाबांनी कुठेतरी वाचलंय. थोडं खरं आहे. पण दुसऱ्या जनुकात आणखी एखादा बदल होऊन ती कमतरता भरूनही निघते, तेव्हा त्यावर विसंबू नका.

मळमळीचं डॉक्टरांना सांगा, त्यावर त्यांच्याकडे उपाय असतात. लघवी नारिंगी होते ती रिफॅम्पिसिनमुळे, घाबरू नका. मात्र डोळे पिवळे वाटले तर त्याच दिवशी जा. दोन तासांत निकाल देणाऱ्या यंत्राने रिफॅम्पिसिन चालेल असं सांगितलंय, पण आयसोनियाझिडबद्दल ती तपासणी काहीच सांगत नाही. ते कल्चरच्या, म्हणजे जंतू वाढवून केलेल्या तपासणीच्या, रिपोर्टात येईल. आला की लगेच फोटो पाठवा, आणि बाबा, नुसतं पहिलं पान नको, सगळी पानं पाठवा.

तुमची,
ताई