चार नगरसेवक, दाद कोणाकडे मागायची?

प्रति,
मा. नगरविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : पुण्यासह सर्व महापालिकांत एकसदस्यीय प्रभाग पद्धत लागू करण्याबाबत

महोदय,

पुणे महापालिकेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि त्यानंतर जवळपास चार वर्षे या शहराचा कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. 15 जानेवारी 2026 रोजी अखेर मतदान झाले, दुसऱ्या दिवशी मतमोजणी झाली आणि 41 प्रभागांतून 165 नगरसेवक निवडून आले. कोणाला किती जागा मिळाल्या, याची चर्चा भरपूर झाली आहे. मला लिहायचे आहे ते हे निकाल ज्या साच्यातून बाहेर पडतात त्या, एका प्रभागातून साधारणतः चार नगरसेवक निवडणाऱ्या प्रभागरचनेविषयी, कारण तिच्यामुळे निकाल लागूनही माझा नगरसेवक कोण, हे मतदाराला सांगता येत नाही.

मतदान केंद्रावर माझ्या पुढे असलेल्या एका आजींनी एक बटण दाबले आणि ‘झालं ना?’ असे विचारले. अजून तीन मते द्यायची आहेत, हे केंद्रावरील कर्मचाऱ्याने त्यांना दोनदा समजावून सांगितले. अ, ब, क, ड अशा चार जागा, प्रत्येकीची वेगळ्या रंगाची मतपत्रिका आणि चारही जागांसाठी बटण दाबल्याखेरीज पूर्ण न होणारे मतदान, अशी ही व्यवस्था आहे. इतक्या नावांतून नीट पारख करून चार उमेदवार निवडणारे मतदार असतीलही. परंतु बहुतेक जण चिन्ह पाहून पॅनेल टू पॅनेल, म्हणजे एकाच पक्षाच्या चारही उमेदवारांना, मतदान करतात आणि त्या ओघात एका तगड्या उमेदवाराच्या आधाराने उरलेले तिघे निवडून येतात, हे कोणत्याही पक्षाचा कार्यकर्ता खाजगीत मान्य करेल.

खरी अडचण निकालानंतर सुरू होते. मागील कार्यकाळात आमच्या गल्लीतील तुंबलेल्या ड्रेनेजची तक्रार घेऊन आम्ही एका नगरसेवकांकडे गेलो, तेव्हा तुमचा भाग माझ्याकडे येत नाही, असे उत्तर मिळाले. चौघांनी प्रभाग आपसांत वाटून घेतला होता. या वाटणीला कायद्यात कोठेही आधार नाही आणि मतदारांना तिची कल्पनाही नव्हती. चौघे एकाच पक्षाचे असले तर अशी वाटणी होते; वेगवेगळ्या पक्षांचे असले तर एकाच कामाच्या श्रेयाचे तीन फलक लागतात आणि नगरसेवकांनी सुचवलेल्या कामांच्या ‘स’ यादीवरून ओढाताण होते. पाच वर्षांनी जाब विचारायचा झाला, तर प्रत्येकाला दुसऱ्याकडे बोट दाखवण्याची सोय आहेच.

मुंबईत 227 प्रभाग आहेत आणि प्रत्येक प्रभागातून एकच नगरसेवक निवडला जातो, कारण तेथे 1888 चा स्वतंत्र कायदा लागू आहे. 2017 मध्ये गिरगावच्या प्रभाग 220 मध्ये शिवसेना व भाजपच्या उमेदवारांना समसमान मते पडली आणि चिठ्ठी टाकून निकाल लावावा लागला. निकाल दैवाने लागला खरा, तरी दुसऱ्या दिवशी तेथील रहिवाशाला आपल्या नगरसेवकाचे नाव ठाऊक होते. महिलांचे 50 टक्के आरक्षण बहुसदस्यीय प्रभागात बसवणे सोपे जाते, असा युक्तिवाद केला जातो; मुंबईत तेच आरक्षण एकसदस्यीय प्रभागांत सोडतीने बसवले जात असल्याने तो टिकत नाही. पुण्याची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेनुसार, समाविष्ट गावे धरून, सुमारे 35 लाख आहे. म्हणजे आजचा एक प्रभाग सरासरी 85 हजारांचा होतो. तेच 165 स्वतंत्र प्रभाग केले तर प्रत्येकात सुमारे 21 हजार लोक येतील, एवढा प्रभाग नगरसेवकाला पायी फिरून पाहता येईल आणि पक्षाचे पाठबळ नसलेल्या एखाद्या कार्यकर्त्यालाही तेथे घरोघरी पोहोचता येईल.

ही मागणी कोणा एका सरकारविरुद्ध नाही. पुण्यात 2007 मध्ये एकसदस्यीय, 2012 मध्ये द्विसदस्यीय आणि 2017 मध्ये चारसदस्यीय प्रभाग होते. महाविकास आघाडीने तीनसदस्यीय रचना आणली आणि 2022 मध्ये सत्ताबदल होताच ती पुन्हा चारवर गेली. जो सत्तेत येतो तो आपले गणित मांडून आकडा ठरवतो. नागरिकांना कोणता आकडा सोयीचा, असे या सगळ्यात कोणी विचारल्याचे आठवत नाही.

म्हणून विनंती अशी की, महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 5 मध्ये दुरुस्ती करून, मुंबईप्रमाणे सर्वच महापालिकांत एका प्रभागातून एकच नगरसेवक निवडण्याची तरतूद करावी. पुढील प्रभागरचना 2027 च्या जनगणनेच्या आकड्यांवर होणे अपेक्षित आहे. ते काम हाती घेण्यापूर्वी विधेयक संमत झाले, तर ऐन निवडणुकीच्या तोंडावर अध्यादेश काढण्याची आणि त्यापाठोपाठ न्यायालयात जाण्याची वेळ या खेपेस येणार नाही. हे विधेयक कोणत्या अधिवेशनात मांडणार, हे आपण जाहीरपणे सांगावे.

आपला,
पुणे शहरातील एक मतदार